मरियामावशीच्या फळ्या

मालगुंडच्या राहीची लेक रूथ, रूथची थोरली मार्था आणि मार्थेची एकुलती एक एस्तेर, असा हा वंश. यात पुरुषांची नावे विचारणाऱ्याला या घरात आधी पाणी दिले जाई आणि मग विषय बदलला जाई. पुरुष नव्हते असे नाही. होते, आणि चांगले सद्गृहस्थ होते. परंतु या घरातल्या मुली सासरी गेल्या नाहीत, जावईच नांदायला आले, आणि नांदायला आलेल्या माणसाचे नाव वंशावळीत फार तर कंसात येते, असे एस्तेरबाईंचे मत होते. त्यांच्या दिवंगत यजमानांनी ते मत कधी खोडून काढले नव्हते.

राहीने बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावाने तिला विहिरीवर येऊ दिले नाही आणि ती वारली तेव्हा शवपेटीला कोणी एक फळी दिली नाही. तिला चटईत गुंडाळून पुरावे लागले. त्या खड्ड्याच्या काठावर उभे राहून रूथने ठरवले की, यापुढे आपल्या घरातली बाई मातीत जाईल ती दुसऱ्याच्या उपकारावर जाणार नाही. तेव्हापासून या घरातली प्रत्येक बाई पन्नाशी उलटली की आपल्या शवपेटीचे लाकूड आपणच कापवून आणी, सुकवी आणि मांगराच्या, म्हणजे परसातल्या सामानाच्या खोपीच्या, माळ्यावर रचून ठेवी. लाकूड फणसाचेच. इतर घरांतल्या बायका त्या वयात गुडघ्यांना तेल आणीत, या घरातल्या वाळवीचे औषध आणीत.

रूथ आपल्या फळ्यांतून गेली. मार्थेच्या वेळी घात झाला. आयुष्यभर सगळ्या घरादारासाठी राबणाऱ्या मार्थेला आपल्या फळ्या वर्षातून एकदा उलटून पाहायला सवड झाली नाही, आणि ती श्रावणात गेली त्या दिवशी माळ्यावर फळ्यांच्या नावाखाली मातीचे पापुद्रे निघाले. बाहेर झड लागलेली, वखारीतले लाकूड ओलेचिंब, खेडकडचा रस्ता पाण्याखाली. तेव्हा मार्थेची धाकटी बहीण मरिया पडवीतून उठली. ही मरिया जन्मभर बसून ऐकणारी. शुभवर्तमानातली मार्था राबते आणि तिची बहीण मरिया प्रभूच्या पायाशी बसून ऐकते; दोघी लेकींची नावे ठेवताना रूथने ते जरा जास्तच मनावर घेतले असावे. मरिया गावातल्याच आपल्या घरी गेली, स्वतःसाठी ठेवलेल्या फळ्या तिने खाली काढवल्या आणि सुताराला म्हणाली, "घे. मला कुठे घाई आहे."

घाई होती, हे पुढच्या वैशाखात कळले.

एस्तेरबाईंनी मावशीला सांगितले होते की पावसाळा सरला की फणसाचे उत्तम लाकूड आणून देते. पावसाळा सरला. लाकूड दाखवायला दोघेतिघे येऊनही गेले. एकाच्या लाकडाला चीर होती, दुसऱ्याचे कोवळे होते, तिसऱ्याचा भाव बरा असूनही बोलण्याची रीत बरी नव्हती. उसने फेडायचे तर मूळ वस्तूहून सरस द्यावे, हा बाईंचा बाणा. तो बाणा चालू असतानाच ऐन आंब्याच्या हंगामात मरिया झोपेत गेली. त्या दिवसांत साऱ्या रत्नागिरीतले सुतार आंब्याच्या पेट्या ठोकण्यात गुंतलेले, वखारी रित्या झालेल्या. शेवटी त्याच पेट्यांची फळकुटे जोडून मरियेची शवपेटी झाली. तिच्या मुलीने, दीनाने, वरून काळे कापड ताणून बसवले. ते पायाशी अपुरे पडले, आणि खड्ड्यात उतरवताना 'हापूस, एक नंबर' हा ठसा सगळ्या मंडळीने वाचला.

कोणी अवाक्षर काढले नाही. दीनाने तर मुळीच नाही. एवढेच झाले की, तोवर "ताई" म्हणून एस्तेरबाईंच्या गळ्यात पडणारी ही मावसबहीण दुसऱ्या दिवसापासून त्यांना इतरांसारखी "बाई" म्हणू लागली, आणि "तू" चे "तुम्ही" झाले. माणसे मानाने बोलावू लागली की सुखावणाऱ्या एस्तेरबाईंना तो एक मान तेवढा चाळीसहून अधिक वर्षे टोचत राहिला.

*

आता बाई ऐंशीच्या झाल्या होत्या. मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवरून उठल्याला दोन तपे होत आली तरी खुर्ची त्यांच्यातून उठली नव्हती. चर्चच्या मंडळीतल्या निवृत्तांसाठी त्यांनी 'शिमोन-हन्ना संगती' काढली होती. मंदिरात म्हातारपण काढलेल्या बायबलमधल्या त्या दोघांच्या नावाने दर गुरुवारी कोणा एकाच्या घरी प्रार्थना, वचन आणि चहा होई. वचन बाई सांगत, चहा दीना करी, आणि गुडघे, साखर, परदेशातली नातवंडे या तीन विषयांवर देवाशी बोलण्याचे काम उरलेले करीत.

रविवारी उपासनेतच बाईंच्या ऐंशीव्या वर्षाची उपकारस्तुती व्हायची होती. त्यासाठी मुलगा सुहास आणि सून दीप्ती ठाण्याहून आले होते. दीप्ती नगरकडची. लग्नाला सव्वीस वर्षे झाली तरी बाईंच्या लेखी ती अजून नगरहून नुकतीच उतरलेली होती. शनिवारी संध्याकाळी पडवीत चहा घेताना बाईंनी, चहात बिस्किट बुडवावे इतक्या सहजपणे सांगितले, "सुहास, उद्या उपासना झाली की मांगरातल्या फळ्या टेम्पोत घालून दीनाकडे पोचवायच्या."

सुहासचा कप बशीवर जरा जोरातच टेकला.

"कुठल्या फळ्या?"

"तुला एकच गोष्ट दोनदा सांगावी लागली की मला तुझे वडील आठवतात. फणसाच्या. माळ्यावरच्या."

"पण त्या तर तू तुझ्यासाठी ठेवल्यास."

"माझ्यासाठी ठेवल्यात असं सगळे म्हणतात. मी म्हटलेलं कोणी ऐकलंय? परसातला फणस विजेने गेला तेव्हा मी तो कापवला तो दीनासाठी. मरियामावशीचं देणं आहे आपल्यावर. ते फिटेपर्यंत मी माझ्यासाठी एक फळी ठेवलेली नाही. बारा वर्षं सुकवलंय ते लाकूड. रत्नागिरीत तशी फळी आता दाखवून दे मला."

सुहासने बायकोकडे पाहिले. दीप्तीने अंगणातल्या कलमाच्या मोहोराकडे पाहिले. या नवराबायकोचे एकमत होताना बाईंनी क्वचितच पाहिले होते, त्यामुळे त्यांना ते खटकले.

"आई," दीप्ती जपून म्हणाली, "वाढदिवसाला कोणी कोणाला शवपेटी देतं का? दीनामावशींना काय वाटेल? चांगल्या हिंडत्याफिरत्या आहेत त्या."

"मेल्यावर दिली तर तिला कळायचं कसं?"

"आणि हे तुम्ही सगळ्या मंडळीसमोर सांगणार?"

"घेतलं ते सगळ्यांनी पाहिलं. फेडायचं मात्र अंधारात, हे कुठलं वळण? तुमच्या नगरचं असेल."

"मग पुढच्या महिन्यात देऊ," सुहास म्हणाला. "निवांत."

"हेच 'निवांत' तेव्हा मी म्हणाले होते." बाईंनी चष्मा पुसला. "सकाळी मला मांगरात ने. एकदा हात लावून पाहते."

"शिडी मोडलीय, आई."

"दिवाळीत तर चढला होतास."

"तेव्हाच मोडली."

मुलगा खोटे बोलतो आहे हे बाईंना तत्काळ कळले. तिसरीपासून तो खोटे बोलताना कानाची पाळी चोळत असे. परंतु खोटे कशासाठी, ते कळेना. मांगर पाडून तिथे होमस्टे काढावा असे दीप्तीच्या मनात होते. बाईंनी तर्क केला की दोघांचा डोळा जागेवर असणार आणि फळ्या हलवायचे कष्ट नको असणार. तर्क सोयीचा होता, शिवाय सुनेच्या माथी बसत होता, म्हणून त्यांनी तो पुढे तपासला नाही.

इतक्यात फाटक वाजले. दीना आली होती, मंडळीची मोठी किटली न्यायला. सत्त्याहत्तर वर्षांची, काटकुळी, इस्पितळात परिचारिकेची अख्खी नोकरी उभ्याने केल्यामुळे बसायचे विसरून गेलेली.

"बाई, उद्या चहा किती जणांचा ठेवू?"

"सगळ्या मंडळीचा ठेव. आणि साखर जरा हात राखून. गेल्या गुरुवारी चहा नव्हता, काकवी होती."

"साखरेचा आजार तुम्हाला आहे बाई, मंडळीला नाही."

"मंडळीला होऊ नये म्हणूनच सांगते. बस जरा."

"नको. दूध सांगायचंय." तिने किटली उचलली, आत डोकावून पाहिले, एक बोट फिरवले. "ही कोणी घासली?"

"मी," दीप्ती म्हणाली.

"तरीच. चांगली घासलीस गो." आणि बाईंकडे न पाहता, "उद्या तुमचं मनोगत लांबणार असेल तर सांगा, म्हणजे पाणी उशिरा ठेवते."

"लांबेल. तुला ऐकायला आत यावं लागेल उद्या. किटलीपाशी उभी राहू नकोस."

"किटलीपाशी मला सगळं ऐकू येतं," दीना म्हणाली आणि गेली.

बाई तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत राहिल्या. उद्या या वेळेला ही मला ताई म्हणेल, असे त्यांच्या मनात आले. लगेच त्यांनी तो विचार झटकला, कारण देणे द्यायचे ते काही मिळावे म्हणून नव्हे, असे त्यांनी स्वतःच गेल्या गुरुवारी सांगितले होते. मग त्यांनी मनोगताची उजळणी सुरू केली. त्यात 'ऋण' हा शब्द चार वेळा येत होता. एकदा कमी करावा की काय, यावर त्यांचा बराच वेळ गेला.

*

मंदिरात डावीकडचा तिसरा बाक एस्तेरबाईंचा. तसे कुठे लिहिलेले नव्हते. लिहायची वेळ आली नव्हती. बाई बाकाच्या मधल्या वाटेकडच्या टोकाला बसत. आत बसायचे असेल त्याने बाईंच्या गुडघ्यांसमोरून अंग चोरून जायचे. पाळक बदलले, छप्पर बदलले, बाई जागच्या सरकल्या नाहीत. आजही सुहास आणि दीप्ती तसेच अंग चोरून आत गेले. दीना नेहमीप्रमाणे शेवटच्या बाकाच्याही मागे, बाजूच्या दारात, जिथून एक डोळा वेदीवर आणि एक चुलीवर ठेवता येई.

समोर पांढऱ्या चादरीखाली काहीतरी उंच उभे होते.

"ते काय?" बाईंनी विचारले.

"गंमत आहे," दीप्ती कुजबुजली. तिचा चेहरा फुलला होता. सुहास कानाची पाळी चोळत होता.

गीत झाले, वचन झाले. मग मंडळीचे सचिव राजेंद्र पुढे आले. आनंदाची बातमी देताना त्यांचा आवाज दुःखाची बातमी देताना होतो तसाच गहिवरत असल्यामुळे मंडळी नेहमी शेवटच्या वाक्यापर्यंत दबकून असे. त्यांनी सांगितले की, मिशनच्या काळातले जुने पुलपिट, पाळक ज्यामागे उभे राहून वचन सांगतात ते, वाळवीने पोखरले होते. गेल्या ईस्टरला पाळकसाहेबांनी पुनरुत्थानावर मूठ आपटली तेव्हा ती आरपार गेली होती. आणि आता आदरणीय एस्तेरबाईंच्या ऐंशीव्या वर्षानिमित्त त्यांच्या कुटुंबाने मंडळीला नवे पुलपिट दिले आहे. त्यांनी चादर ओढली. टाळ्या पडल्या.

पुलपिट देखणे होते. हळदीसारखे पिवळे, आता तांबूस छटा धरू लागलेले. पुढच्या बाजूला पितळी पाटी, तिच्यावर कोरलेले बाईंचे पूर्ण नाव, बी.ए., बी.एड., निवृत्त मुख्याध्यापिका. बाईंचा हात आपोआप पदराकडे गेला आणि मान इंचभर उंच झाली. अशा गोष्टीसाठी मान किती उंचवावी याचे माप त्यांना ठाऊक होते.

मग त्यांना ती गाठ दिसली. पाटीच्या वर, उजव्या अंगाला, डोळ्यासारखी गाठ, आणि तिच्यातून खाली गेलेली विजेची काळपट रेघ.

बारा पावसाळे त्यांनी त्या गाठीवर कडुलिंबाचे तेल चोळवले होते.

"दीप्ती," त्या ओठ न हलवता म्हणाल्या, "हे लाकूड कुठलं?"

"तुमचंच, आई. दिवाळीत मांगर साफ करताना मिळालं. धोंडू सुतार म्हणाला, असं लाकूड आता मिळत नाही." तिचा आवाज अडखळला. "तुम्ही त्या फळ्यांकडे बघून मरणाचं बोलायचात, ते मला बघवेना. म्हटलं, यातून काहीतरी उभं राहावं. काल सांगणारच होतो, पण आज ही गंमत होती, आणि तुम्ही एकदम..."

"मी तिला म्हटलं होतं," सुहास पुटपुटला.

"काही म्हटलं नव्हतं तुम्ही."

बाईंनी हात वर केला.

पाळकसाहेब पुलपिटापाशी गेले. तरुण माणूस, नुकताच आलेला, बाईंना थोडा भिऊन असलेला. समर्पणाची प्रार्थना व्हायची होती. एकदा ती झाली की वस्तू देवाची. या मंडळीत समर्पित वस्तू परत मागण्याचा प्रयत्न आजवर दोनदा झाला होता. दोन्ही वेळा वस्तू पंखा होती आणि दोन्ही पंखे अजून डोक्यावर फिरत होते.

बाईंनी मागे वळून पाहिले. दीना दारात उभी होती, पदराला हात पुसत. ती पुलपिटाकडे पाहत होती, त्या गाठीकडे. फणस पडला त्या दिवशी तीही परसात येऊन गेली होती. तिने बाईंकडे पाहिले नाही. ती चुलीकडे वळली.

आपण गप्प बसलो तर काय होईल, याचा बाईंनी शांतपणे विचार केला. प्रार्थना होईल. टाळ्या होतील. दीना चहा देईल आणि गुरुवारी पुन्हा देईल, साखर जास्त होईल, आपण तिला सांगू. भयंकर होते ते हेच, की काहीही बिघडणार नव्हते. फक्त मरियामावशी दुसऱ्यांदा पेट्यांच्या फळकुटांत जाणार होती, आणि या खेपेला वर एस्तेरच्या नावाची पितळी पाटी असणार होती.

रविवारच्या शब्बाथ शाळेत पन्नास वर्षे मुलांकडून त्यांनी ते वचन घोकून घेतले होते. वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि आठवले की भावाचे तुझ्याकडे काही राहिले आहे, तर अर्पण तिथेच ठेव; आधी त्याच्याकडे जा. चुकणाऱ्याला त्या बाकावर उभे करीत.

बाई उभ्या राहिल्या.

"पाळकसाहेब, थांबा."

"बाई, बरं वाटत नाही का?"

"उत्तम वाटतंय. प्रार्थना थांबवा."

राजेंद्र लगबगीने पुढे झाले. "बाई, आपलं मनोगत प्रार्थनेनंतर आहे."

"राजेंद्र, तू तिसरीत होतास तेव्हाही मध्येच बोलायचास." मंडळीत खसखस पिकली. बाईंनी ती विझेपर्यंत वाट पाहिली. "हे अर्पण आमचं नाही. हे लाकूड माझं नाही. माझी आई गेली तेव्हा आमच्या फळ्यांना वाळवी लागली होती. मरियामावशीने स्वतःच्या काढून दिल्या. मी फेडीन म्हणाले, आणि चांगलं लाकूड मिळेपर्यंत थांबले. चांगलं म्हणजे मला शोभेल असं. तेवढ्यात मावशी गेली. कशात गेली, ते तुमच्यातल्या म्हाताऱ्यांना आठवत असेल."

पहिल्या बाकावरच्या वृद्ध रावजीमास्तरांचे कुजबुजणे, मास्तरांना ऐकू येत नसल्यामुळे, शेवटच्या बाकापर्यंत गेले. "हापूस. एक नंबर."

"बरोबर," बाई म्हणाल्या. "रावजीमास्तरांना आठवतंय. मलाही आठवतंय. या फळ्या मी दीनाला द्यायला ठेवल्या होत्या. आज इथेच सांगणार होते, थाटात. चार वाक्यं पाठ केली होती. तर ज्याची वस्तू त्याला आधी परत. मग ती देवाला देईल नाहीतर चुलीत घालील."

"पण बाई," पाळकसाहेब कसेबसे म्हणाले, "आता याचं पुलपिट झालंय."

"दिसतंय मला. शवपेटीतला माणूस गप्प पडतो, एवढाच फरक."

बाकावर दीप्तीने तोंडाला रुमाल लावला होता. बाईंनी खाली पाहिले. "डोळे पूस. तू केलंस ते चांगलं केलंस. लाकूड कोणाचं, हे तुला ठाऊक नव्हतं. मला होतं." सव्वीस वर्षांत सुनेला मिळालेली ही पहिली शाबासकी. ती अशा वेळी मिळावी की धड हसताही येऊ नये, हे त्या घराच्या रीतीला धरूनच होते.

"दीना," बाईंनी हाक मारली, "पुढे ये."

दीना मधल्या वाटेने आली. तिच्या हातात चहाचे गाळणे होते. ते खाली ठेवायचे तिला सुचले नव्हते. तिसऱ्या बाकाशी तिने हात लांबवून ते सुहासच्या हातात दिले आणि पुलपिटापाशी जाऊन त्या गाठीवरून अंगठा फिरवला, इस्पितळात रुग्णाची नाडी पाहावी तसा.

"लाकूड चांगलं मुरलंय," ती म्हणाली.

"बारा वर्षं."

"पण मला शवपेटी लागणार नाही, बाई. मी देहदान केलंय."

"कधी?"

"निवृत्त झाले तेव्हाच."

"मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत."

बाईंच्या डोळ्यांसमोरून बारा पावसाळ्यांचे तेल, औषध, शिडीवर चढवलेले गडी आणि त्यांना दिलेल्या सूचना वाहत गेल्या. ज्या ऋणकोने असे मन लावून देणे साठवले, त्याने धनकोला ते हवे आहे का, एवढे एकदाही विचारू नये, हे त्यांना दुसऱ्या कोणाच्या घरात घडले असते तर अतिशय हसू आले असते.

"मग याचं काय करू ते तू सांग," त्या म्हणाल्या. "तुझं आहे."

"माझं?"

"तुझं."

"सगळं?"

"सगळं म्हणजे सगळं."

"पाटीसकट?"

पितळ झळकत होते. कोरणाऱ्याने 'निवृत्त' हा शब्द जरा बारीक घेतला होता आणि 'मुख्याध्यापिका' ठळक, म्हणजे दीप्तीने मन लावून सांगितले असणार. बाईंनी त्या पाटीवर डोळे ठेवले. लाकूड देणे त्यांना जड गेले नसते. लाकूड त्यांचे नव्हतेच. या साऱ्यात त्यांचे असे काय होते, ते दीनाने नेमके ओळखले होते.

"पाटीसकट," बाई म्हणाल्या.

"सुहास, ती पाटी काढ रे."

सुहासने आईकडे पाहिले. आईने मान हलवली. गाळणे बायकोकडे देऊन तो पुढे झाला. राजेंद्रच्या किल्ल्यांच्या जुडग्यातल्या छोट्या चाकूने त्याने एकेक स्क्रू काढला. सगळी मंडळी त्याचा प्रत्येक फेरा पाहत होती. पाटी निघाली. मागे चार भोके आणि एक फिकट चौकोन राहिला.

"भोकं बुजवू नका," दीना म्हणाली. "तिथेच दुसरी पाटी लागेल. आईचं नाव. नुसतं मरिया. मागेपुढे काही नको, ती चौथीसुद्धा पास नव्हती." ती पाळकसाहेबांकडे वळली. "आई जन्मभर बसून ऐकत राहिली. आता तिच्यापुढे लोकांनी बसून ऐकावं, असं मला वाटतं. हे मी देते. आता करा प्रार्थना. आणि थोडक्यात करा, पाणी उकळतंय."

पाळकसाहेबांनी आयुष्यातली सर्वांत छोटी समर्पणाची प्रार्थना केली. त्यांनी नाव फक्त एकच घेतले. एस्तेरबाईंनी डोळे मिटले होते, आणि मिटल्या डोळ्यांनीही त्यांच्या लक्षात आले की आपल्या ऐंशीव्या वर्षाच्या उपकारस्तुतीत आपला उल्लेख राहून गेला आहे. त्यांनी आमेन म्हटले. इतरांपेक्षा किंचित उशिरा म्हटले, पण म्हटले.

डोळे उघडले तेव्हा दीना त्यांच्या बाकापाशी उभी होती. चुलीकडे गेली नव्हती. समोर राजेंद्र शेवटचे गीत सांगत होते आणि नेहमीप्रमाणे चुकीचा आकडा सांगत होते.

"आता तुझी सोय काय?" दीनाने हळूच विचारले. "माळा तर रिकामा."

'तुझी' हा शब्द बाईंना ऐकू आला. त्यांनी तो ऐकू आल्याचे दाखवले नाही.

"बघीन काहीतरी."

"हल्ली आंब्याच्या लाकडी पेट्यासुद्धा मिळत नाहीत. पुठ्ठ्याचे खोके आलेत."

"पुठ्ठा पुरेल मला. कोकणच्या मातीत तोही टिकतो चार दिवस."

दीनाच्या नाकपुड्या हलल्या. हसू आवरायची तिची लहानपणापासूनची ही रीत. मरियामावशीही अशीच आवरी. मग ती गंभीर झाली. तिने बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. हात रुक्ष होता आणि त्याला चहापत्तीचा वास येत होता.

"फिटलं," ती म्हणाली. "आईचं सगळं फिटलं."

बाईंना काही बोलायचे होते. पाठ केलेल्या चारही वाक्यांत 'ऋण' होते आणि आता त्यातले एकही लागू पडत नव्हते.

गीत सुरू झाले. मंडळी उठून उभी राहिली. दीना मात्र बाईंच्या गुडघ्यांसमोरून आत जायला वळली नाही. ती बाकाच्या टोकाशी, जिथे बाई उभ्या होत्या तिथेच, थांबून राहिली.

"ताई," ती म्हणाली, "सरक जरा."

दीप्ती सुहासकडे सरकली, सुहास भिंतीकडे सरकला, आणि एस्तेरबाई सरकल्या.